कान तुटलेला ए

मी ए बोलतोय. इंग्रजीतला पहिला आणि आमच्या पिशवीतला सगळ्यात संशयी. तसा कुणाच्या भानगडीत पडायचा माझा स्वभाव नाही. पण डोळ्यांदेखत घडतंय म्हटल्यावर दुर्लक्ष तरी कसं करायचं?

माझा जन्म दुकानाच्या पाटीतून उरलेल्या फळीतला. पाट्या रंगवणाऱ्या म्हाताऱ्याने तिचे चौकोनी तुकडे केले आणि एकेकावर इंग्रजी अक्षर रंगवलं. माझ्या वेळी कानस घसरली नि एक कोपरा उडाला. सून म्हणाली, "बाबा, दुसरा करा ना." तर म्हणे, "राहू दे, खपून जाईल." मला तेव्हाच शंका आली.

ती खरी ठरली. संध्याकाळी सासरा-सून शब्द जुळवायला बसत. न बघता पिशवीत हात घालायचा नि अक्षरं काढायची. सासऱ्याची बोटं आत येत, कोपरे चाचपत आणि मला बरोबर उचलत.

"बाबा, अक्षरं काढताय की कणीक मळताय?"

"म्हाताऱ्याचा हात गं. हळूच चालणार."

मग तो आजारी पडला. उजव्या हाताची बोटं हलायची, पण त्यांना काही कळेना. एकदा कढत कप धरून बसला, चटका बसला तरी पत्ता नाही. ब्रश कपाटात गेले. डॉक्टर म्हणाले, हाताला नि डोक्याला काम देत राहा. तेव्हापासून त्याची अक्षरं सूनच काढून द्यायला लागली.

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. पिशवी उघडण्याआधीच एस, टी, आर आणि मी, असे चौघं तिच्या मुठीत. ती मूठ पिशवीत बुडवायची, तशीच वर काढायची नि आम्हाला त्याच्यापुढे मांडायची. बाकीची अक्षरं रोज वेगळी, आम्ही चौघं तेच. त्याने कधी 'स्टार' लावला, कधी 'आर्ट्स', एकदा 'रॅट्स' लावून स्वतःच हसला.

"नशीब काढलंत, बाबा," ती म्हणायची.

एवढा पुळका कशाचा? मला वाटलं, खेळ लवकर आटपून टीव्ही लावायचा असेल.

काल तिने मूठ आवळली, तोच सासऱ्याने पिशवी ओढून घेतली. "आज मी काढतो."

उजव्या हाताची बोटं आत गेली, एकेका तुकड्यावरून फिरली नि थांबली.

"यात तो कान तुटका ए नाही."

"असेल हो, बघा नीट."

"बघायचंय कशाला? हाताला कळतंय."

हात बाहेर काढून तो बोटांकडे बघत राहिला. सुनेची मूठ सुटली. आम्ही चौघं तिच्या घामाने ओले झालो होतो.

"म्हणजे तू रोज..."

"आणि तुम्ही इतकी वर्षं?" ती हसत होती, पण मधेच नाक ओढत होती.

आज तिने पॉलिश पेपर आणून त्याच्यापुढे टाकला. "सगळे कोपरे एकसारखे करा. चोरी बंद."

म्हातारा सकाळपासून घासतोय, उजव्या हाताने. माझी पाळी आली. त्याने माझ्या तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, सून कुठे बघतेय ते पाहिलं आणि मला तसाच पिशवीत सोडला. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी होती. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मला तिचा दाट संशय आहे.

तुम्हाला एकच विनंती. कधी या घरी खेळायला बसलात आणि मी हाताला लागलो, तर कोपऱ्याचा विषय काढू नका. ती बोटं उद्या पुन्हा विसरली, तर त्यांना माझी एवढीच ओळख आहे.