नुसतं एकदा बघू द्या

बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणणं वाघोबाला कधी जमलंच नाही. प्राणिसंग्रहालयात वाघांची देखभाल करतो म्हणून घरच्यांनी त्याचं नाव वाघोबा ठेवलं होतं. पण दाजी दारात उभे राहिले, की या वाघाची पार शेळी व्हायची.

"अहो मेहुणे, तुमच्या वाघिणीला पिल्लं झाली म्हणे! आपलाच माणूस आत असताना आम्ही पेपरात फोटो बघायचे होय?" जेवता जेवता दाजी म्हणाले.

"दाजी, डॉक्टरबाईंची सक्त मनाई आहे. आम्हीसुद्धा कॅमेऱ्यातूनच बघतो."

"नुसतं एकदा बघू द्या! बघून का कुणी झिजतं?"

बहिणीनं भावाकडे पाहिलं. झालं! वाघोबा विरघळला. या जातीचे वाघ रानात बोटांवर मोजण्याइतके उरले होते. कितीतरी वर्षांच्या खटपटीनंतर इथे दोन पिल्लं जन्मली होती. त्यांच्या पिल्लांना तरी रानात सोडू, एवढ्या आशेवर सगळे राबत होते. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरीही दुसऱ्या दिवशी, डॉक्टरबाई मीटिंगला गेल्याचं पाहून त्यानं दाजींना वाघिणीच्या खोलीपाशी नेलं आणि दाराची झडप उघडली.

आत अंधार होता. वाघीण पाठमोरी पडली होती, त्यामुळे पिल्लं काही दिसेनात. "हिला जरा उठवा की," म्हणत दाजींनी लोखंडी दारावर किल्लीनं टकटक केली. वाघोबानं त्यांचा हात धरला, पण व्हायचं ते होऊन गेलं!

वाघीण उठली. एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि चालू लागली. एका कोपऱ्यात ठेवलं, पुन्हा उचललं, दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. परत पहिल्याच कोपऱ्यात आली.

वाघोबानं फोन केला, तशा डॉक्टरबाई मीटिंग सोडून धावत आल्या. तिघंही शेजारच्या खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर उभे राहिले.

"मीच आणलं यांना, बाई," वाघोबा कसाबसा म्हणाला.

"ती करतेय काय?" दाजींनी हळूच विचारलं.

"लपायला जागा शोधतेय," बाई म्हणाल्या. " रानात असती तर पिल्लांना दुसऱ्या गुहेत नेलं असतं. इथे नेणार कुठे? अशीच फिरवत राहिली, तर पिल्लू तिच्या तोंडातच मरेल."

"मग काढून घ्या ना तिच्याकडून!"

"आत गेलो तर ती आणखी बिथरेल, दुसरंही जाईल." बाई पडद्याकडेच बघत बोलत होत्या. "वाघ मारणारे वाईट, हे कळतं आपल्याला. पण आपल्याला वाघ आवडतात ना, त्याचाही जाच होतो हो त्यांना! इथे खिडकीशी गर्दी, रानात गाड्यांचा घोळका. तिला फक्त एकटं राहायचंय. तेवढंच आपण देत नाही."

वाघोबाच्या डोळ्यांना धार लागली. रोज तिची काळजी वाहणाऱ्या त्याला आज बोटही हलवता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती चालत राहिली. तोंडातलं पिल्लू केव्हाच लुळं पडलं होतं. शेवटी तिनं ते खाली ठेवलं, चाटलं आणि दुसऱ्यापाशी जाऊन पडली. ते दूध पिऊ लागलं. जगेल का? बाईंनाही सांगता येईना.

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. त्यांचे ऑफिसातले साहेब होते; दाजींनी सकाळीच त्यांना ऐटीत सांगून ठेवलं होतं. आपल्यालाही पिल्लं कधी दाखवता, असं विचारत होते.

"नाही जमणार, साहेब," दाजी म्हणाले. "मीसुद्धा बघायला नको होतं." आणि त्यांनी खाली मान घातली.

वाचकहो, ओळखीनं दार उघडतं, पण आत कुणाचा जीव टांगणीला लागलेला असतो, हे ओळख सांगत नाही. ज्याला वाचवायचं, त्याला कधीकधी बघायचंही नसतं. हे दोन शहाण्या माणसांना त्या दिवशी कळलं, आणि ते कळायला एका वाघाचा जीव गेला!