बेबाबाईच्या हाताचा वास

अभिमन देसले सरांना स्वतःची लाज वाटली ती एका मळक्या फडक्यामुळे. त्याआधीही वाटायला हरकत नव्हती, पण सरांना सवड नव्हती. धुळ्याच्या एका कॉलेजात ते कीटकशास्त्र शिकवत आणि उरलेला सगळा जीव एका यंत्रात घालत. साल ब्याण्णव. कपाशीवर बोंडअळीने उच्छाद मांडलेला आणि फवारा कधी मारायचा हे लोक शेजारच्या शेताकडे बघून ठरवत. सरांचं म्हणणं असं, की बोंडअळीचा नर पतंग मादीचा वास लांबून ओळखतो आणि माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मग पतंग ज्या मिशीने वास घेतो तीच यंत्राला का लावू नये? शेतात माद्या आल्या की यंत्रच सांगेल.

केसाएवढी ती मिशी दोन बारीक काचनळ्यांच्या टोकांमध्ये धरायची. नळ्यांत मिठाचं पाणी, पाण्यात चांदीची तार, तारेच्या पुढे घड्याळासारखी तबकडी आणि काटा. मिशीला मादीचा वास लागला की तिच्यात नावापुरती वीज खेळते आणि काटा उडी मारतो. तासाभरात मिशी मरते, मग दुसरी बसवायची.

त्यासाठी लागणारे पतंग बेबाबाई वाढवत. दहा मैलांवरच्या गावाहून त्या एस.टी.ने येत. अळ्यांसाठी हरभऱ्याच्या पिठाचं खाद्य शिजवायचं, एकमेकींना खाऊ नयेत म्हणून प्रत्येक अळी वेगळ्या बाटलीत ठेवायची, कोष बघून नर-मादी निवडायचे, माद्यांचे पिंजरे पुसायचे. कोष ओळखायला सरांना भिंग लागे. बाई तळहातावर एकदा फिरवून सांगत आणि चुकत नसत. गावात मात्र हे हात पुरणाच्या मांड्यांसाठी नावाजलेले होते. पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायचा आणि न फाटता पालथ्या खापरावर टाकायचा, हे त्यांच्यासारखं कुणाला जमत नसे. अक्षय्य तृतीयेची आखाजी असो की लग्न, चुलीपुढचा पाट बेबाबाईंचा.

फेब्रुवारीत पुण्याहून एक साहेब यंत्र बघायला आले. सरांनी हौसेने आसपासचे शेतकरीही बोलावले, त्यात बाईंच्या गावचे गिरधर आबा होते. सरांनी मिशीवर साधी हवा सोडली. काटा गप्प राहायला हवा होता. नेमक्या तेव्हा बेबाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि काटा उडाला. बाई गेल्या, काटा बसला. बाई रिकामे कप न्यायला आल्या, काटा पुन्हा उडाला. साहेब हसले. म्हणाले, "देसले, तुमच्या यंत्राला पतंगापेक्षा चहा आवडतो."

सगळे हसले. सरांच्या कानशिलापर्यंत आग गेली. चार वर्षांचं काम हसण्यावारी चाललेलं, आणि समोर कुणीतरी दोषी हवं होतं. ते ओरडले, "बाई, लांब व्हा आधी! तुमच्या हाताला वास मारतो!"

हसणं थांबलं. बेबाबाईंनी ट्रे खाली ठेवला, हात पदराखाली घेतले आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. सरांनी कुणाला पाठवून विचारलंसुद्धा नाही. उलट काटा आता कसा शहाण्यासारखा वागतो, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिले.

एप्रिलमध्ये टेबल आवरताना त्यांनी खुंटीवरचं फडकं ओढलं. बाई त्याने माद्यांचे पिंजरे पुसत. फडकं मिशी बसवलेल्या यंत्राजवळून गेलं आणि काटा तबकडीच्या टोकाला जाऊन आपटला. सरांनी ते लांब नेलं, जवळ आणलं. पाच वेळा केलं. मग नाकाला लावून खोल श्वास घेतला. काहीच वास नव्हता.

सर खुर्चीत बसले ते बसलेच. यंत्र त्या दिवशी चुकलंच नव्हतं. दिवसभर माद्यांच्या पिंजऱ्यांत वावरलेल्या हातांना माद्यांचा वास लागला होता, आणि तो मिशीने दारातूनच ओळखला होता. साहेबांना दाखवायला याहून चांगला पुरावा कुठला असणार! ही लाज कामातल्या चुकीची होती, ती कशीबशी गिळता आली असती. दुसरी गिळेना. 'वास मारतो' असं ते ओरडले होते, आणि बाईंच्या हातांचा कसलाही वास त्यांना कधी आलाच नव्हता. ते धडधडीत खोटं बोलले होते.

चिठ्ठी पाठवावी असं त्यांच्या मनात आलं. दोन चिठ्ठ्या लिहून फाडल्याही. चिठ्ठीत तोंड दाखवावं लागत नाही म्हणून आपण लिहितोय, हे त्यांना कळत होतं. शेवटी आखाजीच्या दिवशी सकाळची एस.टी. धरून ते गावात उतरले.

घराघरातून पुरणाचा दरवळ येत होता. बेबाबाईंच्या शेजारणीच्या, झुंबरबाईंच्या अंगणात चुलीवर खापर चढलेलं, बायका जमलेल्या, गिरधर आबा बाजेवर बसलेले. चुलीपुढे दुसरीच कुणी होती आणि तिचा मांडा फाटत होता. बेबाबाई आपल्या ओट्यावर एकट्या गहू निवडत होत्या.

सरांना बघून त्या उठल्या. पाण्याचा तांब्या आणला, पण हातात दिला नाही. ओट्याच्या कडेला ठेवला आणि मागे सरकल्या. मग दोन्ही हात पुढे केले. कातडी भेगाळली होती, बोटांच्या सांध्यांवर रक्त सुकलेलं होतं.

"रोज सोडाघाई धोस," त्या म्हणाल्या. "आते सांगा सर, वास गया का?"

सर वाकले. रोज हात धुतलेल्या सोड्याचा उग्रपणा तेवढा नाकात गेला.

"बाई, वास नव्हताच. मला कधी आलाच नव्हता."

"मंग काब्र बोलनात?"

"काटा चुकला असं वाटलं. साहेब हसले. माझी लाज झाकायला तुम्हाला बोललो."

"मी त्या दिनपासून खापरजवळ गयी नही," बाई हळूच म्हणाल्या. "कोन्ही बलावं नही. चार लोकेसमोर बोलनात. चार लोकेसमोर सांगा."

सर वळून झुंबरबाईंच्या अंगणात गेले. ते म्हणाले, "बेबाबाईंच्या हाताला वास नव्हता. मी खोटं बोललो." गिरधर आबांनी मान दुसरीकडे वळवली. त्या दिवशी हसणाऱ्यांत तेही होते आणि गावात गोष्ट आणली होती ती त्यांनीच. झुंबरबाईंनी चुलीपुढचा पाट रिकामा करायला लावला आणि हाक मारली, "अक्का, ये वं. उंडा वाया चालनात."

बेबाबाई आल्या. भेगाळलेल्या हातांवर उंडा नाचला, कोपरापर्यंत पसरला आणि खापरावर पडला, कुठेही न फाटता. पहिला मांडा झुंबरबाईंनी सरांच्या ताटात वाढला. सगळ्यांच्या नजरा ताटावर होत्या. सरांनी घास तोंडात घातला, आणि त्याला चव आहे की नाही हेही त्यांना कळेना.

त्यांनी मान वर केली, तर पाट रिकामा. दुसरा उंडा घेण्याआधी बेबाबाई उठून मोरीकडे गेल्या होत्या. हात धुतल्याचा आवाज आला. थांबला. मग पुन्हा आला.