५८८२३५३ आणि बाबांचा ताळा

“सर, आपका फेवरेट नंबर कौन सा है?”

आमच्या हिंदी शाळेत गणिताच्या तासाला हे विचारायचं आणि विचारलं तर एक प्लेट पोहे-जलेबी, अशी पैज होती. माझी मैत्रीण अमृता म्हणाली होती, “शमिका? इसके बस की बात नहीं!” नववीत गणितात नापास होऊन मी चार दिवस रडले होते ना, तेव्हापासून माझी ख्यातीच ती. पण ती जुनी शमिका! मी उभी राहिले आणि विचारलं.

सौरभ सरांनी फळ्यावर लिहिलं: ५८८२३५३. “इसे काटो. ५८८ और २३५३. दोनों का वर्ग करके जोड़ो. यही नंबर वापस आएगा.”

तोडला तरी परत अख्खा? मला राहवेना. शिवाजी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये शिरले आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून गुणाकार करायला बसले. उत्तर आलं ५९०९३५३. छे!

समोर बाबा माझा अकरावीच्या विषयांचा फॉर्म घेऊन बसले होते. परवा द्यायचा होता. गणितापुढे त्यांनी पेन्सिलीने फुली मारली होती. मला पुन्हा तसं रडताना त्यांना बघायचं नव्हतं, एवढंच. आणि मलाही त्यांच्याशी भांडावं इतकं गणित हवंय का, कळत नव्हतं.

“आण इकडे, ताळा बघू,” बाबा म्हणाले. नवाचा ताळा म्हणजे एकच अंक उरेपर्यंत आकड्यातले अंक मिळवत जायचे; मांडणीतून आणि उत्तरातून उरलेला अंक सारखा आला, की गणित बरोबर. आजोबांनी नागपुरात शिकवलेला. बाबांचा देवापेक्षा ताळ्यावर जास्त विश्वास.

“मांडणीचा ताळा सात, उत्तराचाही सात. जमलं! तुझं बरोबर. सर चुकले.”

दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात सांगितलं, “सर, आपका नंबर गलत है. मेरे बाबा ने चेक किया है!”

सरांनी वही पाहिली. २३५३ चा वर्ग ५५३६६०९. मी लिहिला होता ५५६३६०९. तीन आणि सहा एकमेकांच्या जागेवर जाऊन बसले होते! सगळा वर्ग हसला. मी रडू यायची वाट बघितली. आलंच नाही. डोक्यात एकच किडा: मग ताळा जमला कसा?

मधली सुट्टी त्यात गेली. माझे पोहे अमृताने खाल्ले.

बाबांना कसं सांगू, हे मी घरी येईपर्यंत घोकत होते. “बाबा, ताळा खोटं नाही बोलत. पण अंकांनी जागा बदलल्या ना, तर बेरीज तीच राहते. मग त्याला चूक दिसतच नाही.”

बाबांनी पेन्सिल उचलली. मग त्यांनी ४७ लिहिले, खाली ७४. ताळा सारखाच. मग १८ आणि ८१. मग २३५३ चा माझा चुकलेला वर्ग आणि बरोबर वर्ग घेऊन वजाबाकी केली. सत्तावीस हजार, नवाने पूर्ण भाग जातो.

“अगं नलिनी, बाहेर ये! हे बघ पोरीनं काय शोधलंय! आमच्या बाबांनी हे कधी सांगितलंच नाही.”

“त्यांना तरी कुठे माहीत असणार?” आई पिठाच्या हातांनी येऊन वाकून बघू लागली.

बाबांनी हळूच विचारलं, “वर्गात हसले असतील ना गं सगळे?”

“हसले की.”

“मग? रडलीस?”

“विसरले!”

बाबांच्या कोपराखालून मी फॉर्म ओढला आणि खोडरबराने ती फुली खोडली.

“आई, बाबा, अकरावीला मी गणित घेतेय. खूप चुकणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.”