तीस फुटांवरचा चंद्र

मापकाकांचा चंद्र नेमका दादाच्या स्वयंपाकघरात जाऊन पडला आणि सगळी पंचाईत झाली. दुसऱ्या कुणाच्या घरात पडला असता तर दार वाजवून सांगता आलं असतं, "अहो, जरा आमचा चंद्र तुमच्याकडे ठेवायचाय." पण मापकाका दादाशी बोलत नव्हते, आणि दादा मापकाकांशी. सख्खे भाऊ, मध्ये एका विटेची भिंत, आणि कित्येक वर्षांत तोंडातून ब्र नाही.

मापकाका म्हणजे जन्मभर एका बांधकाम कचेरीत बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढलेला माणूस. हे नाव गल्लीतल्या पोरांनी चेष्टेनं ठेवलं होतं, यांनी ते पदवीसारखं मिरवलं. परक्याच्या घरी तसबीर तिरकी दिसली तरी उठून सरळ करायचे. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक फिरायला जातात, पेपर वाचतात, सुनेच्या कामात लुडबुड करतात. मापकाका अवकाशयानांच्या प्रतिकृती करत बसले. पुढच्या खोलीतलं काचेचं कपाट रॉकेटांनी आणि कोळ्यासारख्या चार पायांच्या यानांनी भरून गेलं. यानाला गुंडाळायला चॉकलेटचा सोनेरी कागद लागायचा, म्हणून काकूंना गोड आवडत नसताना चॉकलेटं खावी लागायची. एकदा मुंगीएवढी अँटेना चिमट्यातून निसटली, तर सबंध संध्याकाळ काकूंना पाय वर घेऊन खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

"माझं कानातलं हरवलं तेव्हा इतकं शोधलं नव्हतंत," काकू म्हणाल्या होत्या.

"कानातलं बाजारात मिळतं," मापकाका जमिनीवरूनच म्हणाले होते.

तर या मापकाकांनी आता ठरवलं की सुटी सुटी यानं पुष्कळ झाली, आता अख्खी मोहीमच मापात करायची. पृथ्वी, चंद्र आणि मधली वाट. पुस्तकातल्या चित्रांत चंद्र पृथ्वीच्या खांद्यावर बसल्यासारखा दाखवतात, त्याचा त्यांना फार राग. खरं तर दोघांमध्ये तीस पृथ्व्या ओळीनं मावतील एवढं अंतर. त्यांच्याकडचा शाळेतला पृथ्वीचा गोल एक फुटाचा. तो पुढच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, की चंद्र तीस फुटांवर आला. त्यांनी कपाटावरची गुंडाळी काढली, घराचा जुना नकाशा पसरला, खिडकीपासून पट्टी लावली. रेघ पुढच्या खोलीतून निघाली, भिंत ओलांडून पलीकडे गेली आणि दादाच्या स्वयंपाकघरात मागच्या भिंतीवरच्या फळीवर टेकली.

मापकाकांनी पुन्हा मोजलं. पुन्हा फळीच. मग ते एकटेच हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, कारण त्या फळीवर चंद्र एकदा ठेवला गेला होता.

तेव्हा घर सलग होतं. समोरच्या रस्त्यापासून मागच्या बोळापर्यंत लांबलचक, आगगाडीच्या डब्यासारखं. माणूस चंद्रावर उतरला त्या दिवसांत रेडिओ सारखा खरखरत होता आणि वडील हात वर करून सगळ्यांना गप्प बसवत होते. मापकाका तेव्हा इतके लहान की दादा त्यांना ठिपक्या म्हणायचा. ठिपक्याला रेडिओतलं अक्षर कळत नव्हतं. मग दादानं त्याला चंद्रावर नेऊन आणायचं ठरवलं. खिडकीत पृथ्वीचा हाच गोल, मागच्या फळीवर पांढरा चेंडू, आणि ठिपक्या दादाच्या खांद्यावर. तोंडानं घुर्र घुर्र करत दादा घरभर चालायचा. आई ओरडायची, "अरे, पाडशील त्याला!"

दादानं रेडिओवर ऐकलं होतं की यान चंद्राच्या मागे गेलं की आवाज बंद पडतो. इकडच्या लोकांनी नुसतं हाका मारत बसायचं. म्हणून खेळाचा दुसरा भाग असा, की दादा स्वयंपाकघराच्या दारामागे लपणार आणि ठिपक्यानं पृथ्वीवरून हाक मारायची, "दादा, ऐकू येतंय का?" पहिल्या वेळी दादा गंमत म्हणून बराच वेळ गप्प राहिला. ठिपक्यानं असं काही भोकाड पसरलं की शेजारी धावत आले. दादाला आईचा धपाटा मिळाला, आणि त्या दिवसापासून नियम झाला: तिसऱ्या हाकेला ओ द्यायचीच, काही झालं तरी.

मोठा झाल्यावर दादा रंगारी झाला. घरं रंगवायचा. रंग कधी मोजून मिसळला नाही, सगळा कारभार अंदाजपंचे, आणि तरी लोक त्याचाच रंग मागायचे. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. पुढचा भाग धाकट्याला, मागचा थोरल्याला. कुरबूर अशी काहीच झाली नाही. नकाशा मापकाकांनी स्वतः काढला, अगदी बरोब्बर निम्मं. भिंत उभी राहिली. दादा आला, एक डोळा मिटून भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "ही माझ्याकडे इंचभर सरकलीय."

"तुझा डोळा म्हणजे काय फूटपट्टी लागून गेली?"

"आणि तुझी फूटपट्टी म्हणजे काय ब्रह्मवाक्य?"

टेप आणून मोजायला कितीसा वेळ लागणार होता! पण दोघांनाही मोजायचं नव्हतं, भांडायचं होतं. घर तुटल्याचं दुःख दोघांनाही होतं आणि ते बोलायचं कसं हे एकालाही ठाऊक नव्हतं, म्हणून ते बिचाऱ्या एका इंचावर काढलं. राईचा पर्वत म्हणतात तो हाच. जावा मात्र शहाण्या. त्या बोळात उभ्या राहून रोज बोलायच्या, वाट्या इकडून तिकडे जायच्या, दुखलंखुपलं कळायचं. अशाच एका वाटीबरोबर काकू बातमी घेऊन आल्या.

"दादा आणि जाऊबाई लेकीकडे चालले कायमचे. दादांचे गुडघे गेलेत, शिडी चढवत नाही. रविवारी सामानाची गाडी येणार. मागचा भाग भाड्यानं द्यायचाय म्हणे."

"जाऊ देत की," मापकाका म्हणाले आणि चिमटा उलटा धरून काम करू लागले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे काकूंना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. त्या वाटी घेऊन आत गेल्या. दोन दिवस मापकाका नकाशा उघडत होते आणि गुंडाळत होते. दादा गेला की त्या फळीवर कोण कुठल्या बरण्या ठेवील! आणि मग या जन्मात दादाशी बोलायला निमित्त उरणार नाही, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं. शेवटी त्यांनी काकूंना सुचवून बघितलं.

"तू जरा विचारतेस का, त्यांच्या मागच्या फळीवर एक चेंडू ठेवला तर चालेल का?"

"मी काय तुमचं निरोप नेणारं यान आहे?" काकू म्हणाल्या. "चंद्र तुमचा, भाऊ तुमचा. उठा आणि जा."

भिंतीपलीकडे जायचं तर पुढच्या दारानं बाहेर पडून, कोपऱ्यावरून वळून, सबंध बोळ चालून मागच्या दाराशी यावं लागे. हातात चेंडू, बगलेत नकाशा. दादाचं दार उघडंच होतं. दादा स्टुलावर बसून रंगाचे डबे जुन्या पेपरात बांधत होता. तो इतका म्हातारा दिसत होता की मापकाका दारातच थबकले. बोळातून कधीमधी दिसलेला दादा आणि हा दादा एकच, हे पटायला थोडा वेळ लागला.

वहिनी आतून आल्या, दिराकडे बघितलं आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

"इंच मोजायला आलास?" दादानं विचारलं.

"नाही. चंद्र ठेवायला आलोय."

दादानं डब्यावरचा हात काढला. मापकाकांनी भडाभडा सगळं सांगून टाकलं: एक फुटाची पृथ्वी, तीस फूट, रेघ, फळी. "लहानपणी तू चेंडू ठेवला होतास ना, तीच फळी. दादा, तुझं माप बरोबर होतं. तेव्हा न मोजता तू बरोबर ठेवलं होतंस."

एवढं बोलायला मापकाकांना फार कष्ट पडले. दादानं फळीकडे बघितलं, मग भावाकडे, आणि तो एवढ्या मोठ्यानं हसला की वहिनींच्या हातातली चहाची पूड सांडली.

"अरे वेड्या, घर तिथं संपत होतं म्हणून ठेवला! आणखी लांब जागा असती तर आणखी लांब ठेवला असता. तुला जास्त वेळ खांद्यावर मिरवता आलं असतं."

मापकाकांनी हातातला चेंडू त्याच्यापुढे धरला.

"बघू तुझा चंद्र," दादा म्हणाला, आणि चेंडू हातात घेऊन नाक मुरडलं. "हा चंद्र? हे तर सोललेलं अंडं आहे." बांधलेले डबे पुन्हा सुटले. थोडा पांढरा, थोडा काळा, नखावर मावेल एवढा पिवळा. जुन्या फडक्याची गुंडी करून दादा टिपत गेला. हात थरथरत होता, पण फडकं चेंडूला टेकलं की थरथर थांबायची. बघता बघता चेंडूवर खड्डे पडल्यासारखे दिसायला लागले. आता वाट आखायची तर दोरा सरळ जायला हवा होता आणि मध्ये भिंत होती. मापकाकांनी भिंतीकडे बघितलं, दादानंही बघितलं.

"भोक पाडू या," दादा म्हणाला. "भाडेकरूला सांगू की इथून चंद्राचा रस्ता जातो."

मापकाकांनी घरून ड्रिल आणलं आणि खूण केली. दादा म्हणाला, "जरा वर." मापकाकांनी टेप लावून बघितलं आणि मुकाट्यानं जरा वर केली. विटेचा लाल भुगा दोघांच्या अंगावर उडाला. टेप भोकातून ओढताना दादानं तिच्यावर पटकन हात ठेवला.

"भिंतीशी आकडा बघायचा नाही हां. तो इंच राहू दे. इतकी वर्षं सांभाळलाय."

दोरा ओवला. दादानं इकडून तिकडे निरखून बघितलं. "आणि यान कुठंय? कपाटभर यानं केलीस म्हणे, ही सांगते मला."

"या मापात यान धुळीच्या कणाहून लहान होतं. डोळ्यांना दिसणारच नाही. म्हणून लावलं नाही."

"म्हणजे लोकांनी नुसता दोरा बघायचा? आपल्या वेळी यान चांगलं एवढं होतं." दादानं कमरेच्या खाली हात धरून उंची दाखवली.

"आपल्या वेळी यान मी होतो," मापकाका म्हणाले.

चहा पिऊन ते पुन्हा बोळातून, कोपऱ्यावरून फिरून आपल्या घरी आले. उन्हं कलली होती, खिडकीतल्या गोलावर तांबूस उजेड पडला होता. दोरा खोलीतून सरळ भिंतीत शिरला होता. भोक अंगठ्याएवढं. मापकाका वाकले, तोंड भोकाशी नेलं. काकू दारात उभ्या होत्या, त्यांची लाज वाटली, तरी त्यांनी हाक मारली.

"दादा, ऐकू येतंय का?"

पलीकडे शांत होतं.

"दादा, ऐकू येतंय का?"

कुणीतरी काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. वय कितीही झालं तरी काही भीती लहानच राहतात. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, आणि आवाज चिरकला.

"येतंय रे, ठिपक्या," भोकातून आवाज आला, अगदी जवळून. दादा केव्हापासून तिथेच कान लावून उभा होता. "आता भोकाड पसरू नकोस. धपाटा द्यायला आई नाहीये."

मापकाकांनी कपाळ भिंतीला टेकलं. चष्म्याची काच भुग्यानं माखली, ती त्यांनी पुसली नाही.

"रविवारी जाणारच का रे?"

"जायलाच हवं. गुडघे ऐकत नाहीत. चंद्र इथेच ठेवून जातो, किल्ली तुझ्याकडे, भाडेकरूही तूच बघ. फोन करत जा. माझा फोन कधी लागतो, कधी नाही. लागला नाही तर रुसून बसू नकोस, पुन्हा लाव."

"मग तिसऱ्या हाकेला ओ देशील ना?"

भिंतीच्या पलीकडून दादानं दोऱ्याला एक टिचकी मारली. मग म्हणाला, "पहिल्याच हाकेला देईन. तिसरीपर्यंत थांबायला आता वेळ कुठंय आपल्याकडे?"