पाणदरवाज्याचा राखणदार

हिरूचं खेळातलं पात्र मेलं ते तिच्याच आगाऊपणानं. एकटी गुहेत शिरू नको, असं पदूनं तीनदा बजावलं होतं. पण सांगितलेलं ऐकेल तर ती हिरू कसली. राक्षसी घोरपडीनं तिच्या तिरंदाजाला अख्खा गिळला. आता पदू, पोशा नि ठमी पुढं खेळणार, आणि हिरूनं पुढच्या रविवारी नवं पात्र घेऊन यायचं.

हा खेळ पदूच्या मामानं आणलेला. मामा बोटीवर कामाला. मोहोपाड्यात शहाऐंशी साली असला खेळ कुणी पाहिला नव्हता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जाडं इंग्रजी पुस्तक, चमत्कारिक आकाराचे फासे, बाकी सगळं तोंडी. एकानं राज्य उभं करायचं आणि इतरांनी त्यात कुणीतरी होऊन जगायचं. कॉलेजात पहिल्या वर्षाला गेलेल्या पदूनं डिक्शनरी घेऊन पुस्तकाचं मराठी केलं, कळलं नाही ते गाळलं आणि पदरचं भरपूर घातलं. त्याच्या पदरचा एक नियम असा, की नव्या पात्राची मागची कहाणी लिहून आणायची. कुठला, मागं कोण सोडून आला, आणि कुणालाच न सांगितलेली एक चूक. मग पाटावर बसायचं. प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा. पाटावर बसून खोटं बोलायचं नाही, आणि पदू सगळं उतरवायचा त्या राज्याच्या वहीत चढलेलं खोडायचं नाही.

बुधवारपर्यंत हिरूनं तीन कहाण्या फाडल्या. एका राजकन्येनं मोत्यांची माळ चोरली होती, एका गारुड्यानं गुरूला फसवलं होतं. छ्या, असल्या चुकांनी कुणाची झोप उडते? झोप उडणं म्हणजे काय ते हिरूला पुरतं ठाऊक होतं; तिची दोन वर्षं उडालेली होती.

तिचा बाप सखा आणि ठमीचा बाप गोमा एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला. कारखाना कुठला ते जाऊ द्या. ही माणसं अर्धी कामगार, अर्धी शेतकरी. आवणी आली, भाताची रोपं लावायला हात कमी पडू लागले, की कुणीतरी अर्धा तास आधी सटकायचं आणि सोबत्यानं कारखान्याच्या वहीत त्याच्या कामापुढं आपली सही ठोकायची. सगळेच करत. त्याला कुणी लबाडी म्हणत नसे, शेजारधर्म म्हणत. त्या दिवशी आईनं हिरूला गेटवर पिटाळलं, की बाबांना म्हणावं मजूर येऊन बसलेत, लवकर या. गेटवरून निरोप आत गेला आणि सखा घाईनं निघाला. गोमानं विचारलं, "व्हॉल बंद केलास ना रं?" सखा म्हणाला, "केला. तू सही कर." गोमानं सही केली. वायूच्या नळीवरचा तो व्हॉल उघडाच होता. पाव तासातच वायू सुटला आणि गोमा त्यात गेला.

चौकशी झाली. वहीत सही गोमाची. सखाला विचारलं, तर तो म्हणाला, "मी सांगून निघालो होतो, बंद करायचं काम त्याचं." मेलेला माणूस काय उत्तर देणार? खरं काय ते सखानं फक्त बायकोला सांगितलं, रडत, आणि भिंतीपलीकडं हिरू जागी होती. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांत गोमा म्हणजे न बघता सही करणारा, स्वतः मेला नि आणखी दोघांचे डोळे घालवून गेला. ठमीची आई मोतीबाई खालापूरला भावाकडं राहायला गेली, ती पुन्हा मोहोपाड्याच्या बाजारात दिसली नाही. ठमी मात्र दर रविवारी एसटीनं यायची, हिरूसाठी. सखा तिच्या हातात दोन पेरू ठेवायचा आणि नजरेला नजर न देता परसात निघून जायचा.

गुरुवारी हिरू लिहायला बसली आणि एका बैठकीत चार पानं झाली. तिनं वायूचं पाणी केलं, कारखान्याचा किल्ला केला. पाणदरवाज्याचा एक राखणदार. काम संपलं की दारावरच्या दोरीला गाठ मारायची, अशी तिथली रीत. एक दिवस पोरगी बोलवायला आली म्हणून हा लवकर निघाला, गाठ सोबत्यानं मारली, दार उघडं राहिलं आणि सोबती बुडाला, वर दोषही त्यालाच लागला. नावं बदलली, सगळं बदललं. आता कुणाच्या बापाला कळणार नाही, असं तिला वाटलं. लिहून झालं आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

रविवारी दुपारी पदूच्या व्हरांड्यात ती पाटावर बसली. पदूनं चार पानं मोठ्यानं वाचली, राज्याच्या वहीत लावली आणि उत्तरं उतरवायला पेन काढलं. पोशा सुपारी चघळत ऐकत होता. ठमी आधी हिरूकडं बघत होती, मग जमिनीकडं बघू लागली.

"फक्कड," पदू म्हणाला. "माझा प्रश्न. तुझ्या सोबत्याला दोष लागला, तेव्हा तू कुठं होतास?"

"तिथंच. समोर."

"बोललास का नाही?"

"एक प्रश्न झाला तुझा," पोशा म्हणाला.

ठमीनं विचारलं, "गाठ मारायच्या आदी त्यानं इचारलं होतं का, दार लावलंस का म्हणून?"

हे तिनं पानांत लिहिलंच नव्हतं.

"इचारलं होतं."

"मग राखनदार काय बोलला?"

"एकच प्रश्न, ठमे," पदू म्हणाला.

"माझा घे गं तू," पोशा म्हणाला. त्याला वाटलं, खेळ रंगात आलाय.

"लावलं म्हनाला," हिरू म्हणाली. "तू गाठ मार, म्हनाला."

पदू लिहायचा थांबला. ठमी पुढं सरकून अगदी पाटाशी बसली.

"हिरू, ही कहानी मनची हाय का गं? मनची हाय म्हन, मी परत इचारनार नाय. पन तू पाटावर हायस."

पाटावरून उठता आलं असतं. उठलं की हिरू नुसती हिरू, आणि हिरू दोन वर्षं खोटंच वागत आली होती, आणखी एका खोट्यानं काय बिघडणार होतं? बाप डोळ्यांपुढं आला, त्याची नोकरी, त्याची गावातली मान आली. आणि ही पोरगी, जिला शाळेत गोम्याची म्हणून चिडवलं होतं आणि जी तरी एसटी धरून हिच्यासाठी येत होती. हिरूला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती उठली नाही.

"पानी तेवढं मनचं हाय," ती म्हणाली. "बाकी खरं."

ठमी रडली नाही. तिनं पदूच्या मांडीवरची वही उचलली.

"अगं, राज्याची वही आहे ती," पदू म्हणाला.

"आईला वाचून दाखवते," ठमी म्हणाली. मग हिरूकडं वळून, "सांजच्या गाडीनं तिला घेऊन येते. तुझ्या बाबांना घरी ऱ्हायला सांग." आणि ती चालू लागली.

हिरू घरी आली तेव्हा सखा ओट्यावर कोयतीला धार लावत होता. तिनं काही आडपडदा ठेवला नाही.

"बाबा, मोतीकाकी येतेय. मी ठमीला सांगितलं सगळं."

सखाचा हात थांबला. तो कोयती बाजूला ठेवून वळला. मग म्हणाला, "बापाचं सांगितलंस. त्या दिशी गेटवर मला बोलवायला कोन आलं होतं, तेबी सांगितलंस का?"

"तेच आदी लिवलं," हिरू म्हणाली.

तिला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. सखा उठला आणि घरात गेला, परसाच्या दाराकडं. तिथं आई उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून. ती म्हणाली, "सदरा घाला आनि भायेर बसा." थोड्या वेळानं तो सदरा घालून आला आणि हिरूच्या शेजारी बसला, मधे हातभर अंतर ठेवून.