बारा पावत्या

घड्याळजीने बारा पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या. वजावटकाकांनी त्यातली पहिली आणि शेवटची उचलून शेजारी शेजारी धरली.

काका करसल्लागार, कशातूनही वजावट शोधून काढतात म्हणून हे नाव. गेल्या वर्षी त्यांनीच सुचवलं होतं, की घड्याळदुरुस्तीचं दुकान आईच्या घरात आहे, तर तिला दरमहा भाडं द्या, पावती घ्या. नफा कमी होईल, कर वाचेल. पण पैसे खरोखर तिच्याकडेच राहायला हवेत, हेही बजावलं होतं. घड्याळजीने सोयीचं तेवढं ऐकलं. एक तारखेला भाडं आईच्या खात्यात जाई आणि दोन तारखेला तिच्याच एटीएम कार्डाने तो ते काढून आणी. आईने कधी चकार शब्द काढला नाही. डोळ्यांच्या ऑपरेशनचं तेवढं दोनदा बोलली, तेव्हा मार्चनंतर बघू म्हणून त्याने वेळ मारून नेली. आज एप्रिलची दोन तारीख होती. काकांची पाठ फिरली की तो बँकेत जाणार होता.

"या सह्या एका हातच्या नाहीत," काका म्हणाले. "खोट्या पावत्या म्हणून अंगाशी येईल. कुणी केल्या?"

"आईनंच. दर महिन्याला, माझ्यासमोर."

खोट्या पावत्या हा शब्द त्याला झोंबला. त्याने कामाचं भिंग डोळ्याला लावलं. गेल्या एप्रिलची सही ठसठशीत, रेघेवर बसलेली. ऑगस्टमध्ये ती रेघेखाली उतरली होती. डिसेंबरमध्ये रकमेवरून गेली होती. मार्चची सही कागदाच्या कडेला जाऊन अर्धवट तुटली होती. दिवसभर केसाएवढ्या स्प्रिंगा बघणाऱ्या त्या माणसाला मान वर करायची लाज वाटली.

आतल्या खोलीतून सगळं ऐकून आई भिंत धरत बाहेर आली. काकांसमोर सही करून दाखवते म्हणाली. काकांनी कोरी पावती पुढे सरकवली.

"रेघ कुठंय रे?"

त्याने रेघेवर बोट ठेवलं. आईने सही केली. अर्धी कागदावर आली, अर्धी त्याच्या नखावर.

काका उगाच पिशवी आवरत राहिले. घड्याळजीने खिशातून तिचं कार्ड काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

आईने ते दोन्ही बाजूंनी चाचपलं.

"हे काय आहे?"