खंडित गिअरची पूजा

माझं डोकं तसंही लवकर तापतं, पण त्या खंडेनवमीला मला बर्फाच्या लादीवर बसवलं असतं तरी ते तापलंच असतं.

कुरुळीत माझं छोटं वर्कशॉप आहे. जागा अंबुबाईंची. बाई सत्तरीच्या, घरात एकट्या. रोज सकाळी खुर्ची घेऊन माझ्या शटरपाशी बसणार. मशीनचा आवाज होतो म्हणून भांडणार, आणि मशीन बंद असलं की बंद का म्हणून भांडणार.

त्या दुपारी चाकणच्या एका कंपनीतून दिग्विजय साहेब नमुना तपासून न्यायला येणार होते. नमुना म्हणजे इंजिनातला टायमिंगचा गिअर. तो सारखा गरगर फिरतो, म्हणून जितका हलका तितकं इंजिन चपळ. आम्ही त्याला सहा भोकं पाडून वजन उतरवलं होतं. पास झाला तर पुढचं काम आमचं, नाहीतर शटर कायमचं खाली.

सकाळी हत्यारं पुसून पाटावर मांडली, मधोमध गिअर ठेवला. अंबुबाईंनी हळदीचं बोट पुढं केलं आणि थांबल्या.

"मंजुषा, ह्यो खंडित हाय. खंडित वस्तूची पूजा चालत न्हाई."

"अहो, खंडित कुठला? वजन कमी केलंय त्याचं."

"आमच्या भावकीत बी लई जनींनी वजन कमी केलं. भोकं न्हाई पाडली कुनी."

मी म्हटलं, मग बाजूला ठेवा त्याला. ते तर त्याहून वाईट! बिनपूजेची वस्तू त्या दिवशी त्यांच्या जागेतून बाहेर जाणार नव्हती. बाईंनी खुर्ची शटरच्या बरोबर मध्ये ओढली.

माझा ऑपरेटर सुजित, मूळचा बीडचा, हळूच म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. भोकं कणकेनं बुजवतो. पूजा झाली की काढून टाकू."

पूजा झोकात झाली. नारळ फुटला, लेथला झेंडूची माळ चढली, पेढे वाटले. मग मी कणीक उकरायला गेले आणि माझं नखच तुटलं.

"कणीक गळून पडत होती," सुजित म्हणाला. "म्हणून गाडीच्या पत्र्याचे पोचे बुजवतात ती लांबी भरली. वाळली की दगड."

"अरे देवा! मग ड्रिल मार की आता!"

"खबरदार!" अंबुबाई कडाडल्या. "पुजलेल्या द्येवाला भोक पाडतूस व्हय रं?"

सुजित मुकाट्यानं गिअरच्या पाया पडला. गाढव!

तेवढ्यात साहेब आले. अंबुबाईंनी त्यांना बूट काढायला लावले. त्यांनी गिअर काट्यावर ठेवला, खाली वाकून आकडा बघितला, बोटाला लागलेलं कुंकू बघितलं. "मॅडम, वजन जास्त आहे. नापास."

"द्येव नापास?" अंबुबाई उठल्याच. "तुमी कोन द्येवाला नापास करनारं?"

"मी क्वालिटीचा, आजी."

मला रडूच कोसळलं. तिथंच ऑइलच्या ड्रमवर बसले. "झालं ना तुमच्या मनासारखं? करते जागा रिकामी. झोपा आता निवांत!"

बाईंनी गिअरला नमस्कार केला, पदर खोचला आणि सुजितला म्हणाल्या, "लाव त्या मशीनला. पाप लागलं तर मला लागंल."

सुजितनं गिअर आवळला, नेम धरून दिला. बाईंनी दोन्ही हातांनी ड्रिलचा दांडा खाली ओढला. लांबीचा भुगा उडायला लागला. दर भोकाला "माफ कर रं बाबा" चाललं होतं. साहेब अनवाणी, हात जोडून उभे. का जोडलेत ते त्यांनाही माहीत नसावं.

गिअर पुसला, पुन्हा काट्यावर ठेवला. पास.

साहेब गेल्यावर मी उसळलेच. "एवढंच करायचं होतं, तर सकाळपासून जीव का खाल्लात माझा?"

अंबुबाई खुर्चीत टेकल्या.

"द्येवाची समजूत घालता येती गं," त्या म्हणाल्या. "तू गेलीस तर मी रोज भांडू कुनासंगं?"